आजीच्या पुरचुंडीतल्या बिया: पेरण्याआधी मोजा

तुमचा प्रश्न वाचला. आजी गेल्यावर फडताळात बियांच्या पाच-सहा पुरचुंड्या सापडल्या, त्यांवर ना नाव ना साल. घरात भाजी लावणं आईच्या काळातच थांबलं. आता ते रसायनांशिवाय, मुलांच्या देखत पुन्हा सुरू करायचं आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. अशी एक पुरचुंडी माझ्याही हाती आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुंड्या, माती, खत यांची खरेदी थोडी थांबवा. बी आधी. मी उत्साहाच्या भरात घेवड्याच्या सगळ्या बिया एकाच दिवशी पेरल्या. चाळीसेक असतील. वर पाणीही भरपूर घातलं. एकही उगवली नाही. आमच्या आजीचं वाण संपलं असं समजून मी दोन वर्षं हळहळत होते. पुढे तोच घेवडा मावशीकडे निघाला, आजीनेच तिला कधीतरी मूठभर दिला होता. म्हणून पहिलं काम हे करा: आजीच्या बहिणी, भाचरं, जुन्या शेजारणी, सगळ्यांना विचारा. बी एकाच घरात क्वचित राहतं.

दुसरं काम उगवण तपासण्याचं. प्रत्येक पुरचुंडीतून दहा बिया घ्या, जास्त नकोत. सुती फडकं भिजवून घट्ट पिळा, त्यात बिया सुट्या ठेवून गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात उबेच्या जागी ठेवा. रोज उघडून बघा, मुलांना बघू द्या. घेवडा-वाटाण्याचे कोंब आठवड्याभरात दिसतात, मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या. जुन्या शेंगवर्गीय बिया वाटीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नका. बी म्हातारं झालं की त्याच्या पेशींची आवरणं कमकुवत होतात, पाणी एकदम आत शिरलं की ती फुटतात आणि कोंब यायच्या आधीच बी कुजतं. ओल्या फडक्यातून ते सावकाश पाणी पितं. माझ्या चाळीस बियांचं बहुधा हेच झालं.

दहातल्या सात-आठ उगवल्या तर निश्चिंत पेरा. दोन-तीनच उगवल्या तर ते कोंब फेकू नका, तेच जपून लावा. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, मिरची-भेंडीचं दोनेक वर्षं, घेवडा-वाटाण्याचं तीन, टोमॅटो-वांग्याचं चार, काकडीचं पाच. हे ढोबळ आकडे आहेत, त्यापलीकडेही एखादं बी जिवंत निघतं.

पुरचुंडीत राखाडी भुकटी दिसली तर ती घाण म्हणून झटकू नका. आमच्या आजीच्या घेवड्यात चुलीची राख होती. राख दाण्यांच्या मधल्या फटी भरते, त्यामुळे भुंग्याला एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाता येत नाही, आणि ती त्याचं अंगही कोरडं पाडते. आजी हे कारण सांगायची नाही, तिला ते करायचं ठाऊक होतं. तीच राख कुंडीत मात्र चिमटीनेच घाला. ती अल्कधर्मी असते, तिच्यात पालाश (पोटॅश) आणि कॅल्शियम असतं पण नत्र (नायट्रोजन) नसतं, आणि दर आठवड्याला ओतत राहिलात तर माती बिघडते. जुनं सगळं मुकाट्याने गिरवावं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक सवयीमागचं कारण शोधा, ते सापडलं की ती सवय कुठवर चालवायची तेही कळतं.

आता कोणती भाजी? पहिल्या वर्षी एकच बी धरायचं ठरवा, आणि माझं ऐकाल तर घेवडा किंवा टोमॅटो. या दोन्हींत फूल सहसा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असलं तरी बी बहुतेक वेळा शुद्ध राहतं. पालक, मुळा, मका यांचे पराग वाऱ्याने किंवा माश्यांनी दूरवर जातात आणि चांगलं बी धरायला पुष्कळ झाडं लागतात, ते पुढे कधीतरी. दुकानातल्या संकरित बियाण्याची पहिली पिढी एकसारखी दिसते, पण तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. मेंडेलने 1866 साली वाटाण्यावरचे जे प्रयोग छापले, त्यांत हेच दिसलं होतं. धरायला घरचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाणच घ्या.

भोपळा, दुधी, काकडी यांच्याबद्दल एक इशारा, आणि तो गंभीरपणे घ्या. यांतल्या प्रत्येकाचा आपल्याच जातीतल्या दुसऱ्या वाणांशी सहज संकर होतो, आणि शोभेच्या किंवा रानटी वाणाशी संकर झालेल्या बियांच्या फळात कुकुरबिटासिन नावाचं विषारी कडू द्रव्य उतरू शकतं. फळाची चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. शिजवल्याने तो कडूपणा जात नाही.

झाडावर लक्ष कसं ठेवायचं ते आजीकडून मिळालेलं सांगते. सगळ्यांत आधी भरलेली, निरोगी वेलीवरची, लांब शेंग ती बघून ठेवायची आणि देठाला लाल दोरा बांधायची. दोरा बांधलेली शेंग कुणी खुडायची नाही, पाहुणे आले तरी. ती शेंग वेलीवरच वाळून कडकडीत होऊ द्यायची, हलवली की आत दाणे खुळखुळले पाहिजेत. मग सोलून सावलीत अजून आठ-दहा दिवस. दाण्यात नख रुतलं तर ओल आहे, परत पसरा. हे वाळवणं फार मोलाचं आहे: दाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, बीभोवतीची बुळबुळीत पिशवी सुटते (तीच उगवण रोखून धरते), मग धुऊन चिनीमातीच्या बशीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात.

कुंडीचं थोडक्यात: टोमॅटोला निदान पंधरा-वीस लिटर माती आणि सहा तास ऊन हवं, पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. तळाला भोकं हवीत. जुने रंग लावलेले डबे वापरू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणी वेळ बघून घालू नका, बोट दोन पेरं आत खुपसून वाफसा, म्हणजे मातीतली ओल, बघून घाला. माव्यावर (पानांतला रस शोषणारे बारीक किडे) सौम्य साबणाचं पाणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने.

खताला ओला कचरा एक भाग आणि सुका पालापाचोळा दोन-तीन भाग. वास आला की पाला कमी पडला असं समजा. ताजं शेण भाजीच्या कुंडीत कधीही घालू नका, त्यात पोटाच्या आजारांचे जंतू असतात. पूर्ण कुजलेलंच वापरा. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांतही कच्चं शेण घातल्यावर मातीला टेकणारी भाजी 120 दिवसांच्या आत काढता येत नाही.

मुलांना रस वाटेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वेल फुलावर आला की घेवड्याचं एक झाड मुळासकट अलगद उपटा, ते एक झाड गेलं तरी चालेल. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी रंग असेल तर तिथले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देताहेत. खतासाठी हवेतल्या नत्राचा अमोनिया कारखान्यात बनवणं सुरू झालं ते 1913 साली. त्याआधी घेवड्यानंतर दुसरं पीक का चांगलं येतं हे शेतकरी ‘बेवड चांगला’ (बेवड म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम) एवढ्याच शब्दांत सांगत. माझ्या भाचीने तशी गाठ पहिल्यांदा चिरली तेव्हा ती माती लागलेल्या हातांनी घरभर प्रत्येकाला दाखवत फिरली, आणि त्या वर्षीचा लाल दोरा तिनेच बांधला.

धरलेल्या बियांच्या पुडीवर भाजीचं नाव, साल आणि बी कुणाकडून आलं त्या माणसाचं नाव जरूर लिहा. तुमच्या पुरचुंड्यांची चाचणी झाली की दहापैकी किती उगवल्या ते इथे कळवा. दोनच उगवल्या असतील तर कोंब कुंडीत लावण्याआधी विचारा, एवढ्या कमी झाडांवरून बी कसं वाढवायचं ते नीट सांगते.