अक्का, प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत

प्रश्न: अक्का, सलाम. मी सोलापूरचीच, नाव छापू नका. माझे मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर टॉवेलच्या मागावर होते, चौदा महिन्यांपूर्वी कामावरच लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणंही नीट समजत नाही. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे मिळतात, मुलगा दहावीला आहे. सुरुवातीला चर्चमधून खूप लोक आले, आता जे येतात ते विचारतात घरात काही लपलेलं पाप आहे का, एका भाऊंनी तर सांगितलं की विश्वास असेल तर बीपीच्या गोळ्या बंद करा आणि उपवास-प्रार्थना धरा. मी लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेली, पण आता गुडघे टेकले की शब्दच येत नाहीत, रडायला पण येत नाही. रात्र रात्र झोप नाही, कधी कधी वाटतं सकाळ झालीच नाही तर बरं. प्रभूची शांती म्हणतात ती नेमकी कुठं मिळते?

उत्तर: सलाम पोरी. तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला एकेरीच बोलते, माझी थोरली तुझ्याच वयाची असेल.

आधी गोळ्यांचं. बंद करायच्या नाहीत, एक दिवस पण नाही. ज्याला एकदा लकवा येऊन गेलाय त्याच्या बीपीच्या गोळ्या अशा मनानं सोडल्या तर दुसरा झटका यायची भीती असते, आणि मग अंथरूण बदलायला ते भाऊ येणार नाहीत, तूच असणार. कमीजास्त काय करायचं ते डॉक्टर सांगतील. बायबलातलं शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, त्याला वैद्यकी सोड म्हणाल्याचं कुठं लिहिलेलं नाही. गोळी हातात घेऊन प्रार्थना करा आणि पाण्याबरोबर गिळा.

पापाचं विचारतात त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा 9 वा अध्याय काढून द्यायचा. जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापानं? प्रभू म्हणाला, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना आपलीच माणसं दारात चपला काढता काढता तोच प्रश्न विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं गं.

आता तू लिहिलंस ना, सकाळ झालीच नाही तर बरं, तिथं मी थांबले. हे एलीया पण बोललाय. बायबलातलं 1 राजे, अध्याय 19. एवढा मोठा संदेष्टा, आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेनं आकाशातून अग्नी उतरला, आणि इथं ईजबेल राणीच्या भीतीनं पळून रानात एका झुडपाखाली पडलाय आणि देवाला म्हणतोय, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावला नाही, तुझा विश्वास कमी पडला असं पण म्हणाला नाही. झोपू दिलं. मग देवदूतानं हलवून उठवलं, ऊठ, खा, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं आणि परत झोपला, परत उठवलं, परत खा, कारण वाट लांबची आहे. त्यानंतर 40 दिवस चालून तो होरेब डोंगराला पोचला, आणि तिथं वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर देवाची ती मंद वाणी ऐकू आली. त्या मंद वाणीवर आपण किती प्रवचनं ऐकतो, पण भाकर आधी आली हे फारसं कुणी सांगत नाही.

मला तरी हे कुठं माहीत होतं. माझे मिस्टर किडनीच्या आजारानं गेले तेव्हा आठवडाभर घरात माणसं आणि वचनं, वचनं आणि माणसं, माझ्या कानावरून सगळं नुसतं जात होतं. मग मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, अक्षरओळख नाही. फडक्यात बांधलेल्या चार कडक भाकऱ्या आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. बोलल्या काहीच नाहीत, थेट आत गेल्या, चहाचं करपलेलं पातेलं घासलं, कालची आमटी गरम केली, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी त्यात भाकरी कुस्करली आणि ताट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, खा गं. मी खाल्लं आणि त्या रात्री किती दिवसांनी झोपले. सकाळी दुःख तेवढंच होतं बघ, एक कण कमी नाही, पण प्रभू घरात येऊन गेलाय असं आतून पक्कं वाटलं, आणि ते आजपर्यंत गेलेलं नाही.

वेळ लागतो म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सुटलं की केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथंच. त्यांचे आईबाप आणि बहीण दुष्काळात गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, पदरात लहान मुलगी. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तरी त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आठ वर्षांनंतर कळलं, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंसारख्या बाईला आठ वर्षं लागली, तुला तर चौदाच महिने झालेत.

शब्द येत नसतील तर राहू दे. रोमकरांस पत्रात 8 व्या अध्यायात आहे, आपल्याला काय मागावं कळत नाही तेव्हा आत्माच कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. आणि फारच वाटलं तर 13 वं स्तोत्र मोठ्यानं वाच, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच तक्रारीनं, किती काळ, परमेश्वरा? 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया पण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

आता जे भेटायला येतील त्यांना काम सांगायचं, लाजायचं नाही. रविवारी दोन तास मिस्टरांजवळ बसा, मी उपासनेला जाऊन येते. पोराला गणित शिकवा. स्त्री मंडळाला सांग आठवड्यातनं दोन डबे पाठवा म्हणून, आणि गोळ्या बंद करायला सांगितलं हे पाळकसाहेबांच्या कानावर घाल, दुसऱ्या घरी पण तेच सांगत असतील. तुझ्या झोपेचं मात्र डॉक्टरलाच दाखव. रात्री ते नको ते विचार आले तर एकटी बसू नकोस, पोराला उठव, नाहीतर 14416 ला फोन लाव, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, फुकट आहे, रात्री पण उचलतात. आणि मला परत लिही, नक्की.

प्रश्न: मी हिंदू आहे, सिद्धरामेश्वरांना मानणारी. आई गेल्यापासून ख्रिश्चन मैत्रिणीच्या घरी प्रार्थनेला बसते, मन हलकं होतं. यासाठी धर्म बदलावा लागतो का?

उत्तर: नाही ताई. तुम्हाला कुणी तसं म्हणत असेल तर ते चुकीचं आहे, बळजबरीचा विश्वास प्रभूनं कधी मागितलाच नाही. जकातदार जक्कय, शोमरोनी बाई, रोमी शताधिपती, सगळे आपापल्या पावलांनी त्याच्याकडे आले. आईची आठवण येते तेव्हा या, मागच्या बाकावर बसा, रडायला आलं तर रडा. घरच्यांना सांगून या म्हणजे चोरी वाटणार नाही. गाणी येत नसली तरी शेजारची बाई पुस्तक पुढं करेल, आणि आमच्याकडे उपासनेनंतर चहा असतो, तो घेऊनच जा.