स्लीव्हनंतर पोट पुन्हा मोठे होते का?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी गेल्या काही महिन्यांत जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: शस्त्रक्रियेनंतर उरलेले जठर किती मोठे आहे आणि ते पुन्हा वाढले की काय. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याची) शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी वजन ११२ किलो होते, दीड वर्षात ते ७८ वर आले आणि आता ८६ झाले आहे. सुरुवातीला अर्धी वाटी मऊ वरणभात खाल्ला की पुढचा घास नको वाटे; आता दीड पोळी, भाजी, आमटी सहज जाते. जठर सैल पडले असेल का? ओळखीतल्या एक बाई म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करून ते लहान करून घ्या. (गृहिणी, वय ४४, कोथरूड)

उत्तर : तुमचे जठर शस्त्रक्रियेनंतर होते त्यापेक्षा मोठे झाले असणार, हे मी तपासणी न करताही सांगू शकतो, पण वाढलेले आठ किलो सगळे त्याच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही.

मोठ्या माणसाचे जठर भरपेट जेवणानंतर साधारण एक ते दीड लिटरपर्यंत ताणले जाते. स्लीव्हमध्ये त्याच्या बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि मागे एक लांबट, अरुंद नळी उरते, जिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे वाटीभर, मावते. पहिल्या काही आठवड्यांत तिला सूज असते, त्यामुळे तेवढेही मावत नाही. सूज उतरली की जागा वाढते, आणि ती वाढावी अशीच आमची अपेक्षा असते, कारण अर्ध्या वाटी वरणभातावर कोणी आयुष्य काढू शकत नाही. पुढच्या वर्षांतही नळी हळूहळू रुंदावते. त्याच त्या रुग्णांची जठरे काही काळाच्या अंतराने सीटी स्कॅनवर मोजली गेली, तेव्हा ज्यांचे वजन टिकून होते त्यांच्यातही आकारमान वाढलेले दिसले. आकारमान आणि परत आलेले वजन यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला, काहींत आढळला नाही.

मग वजन उतरले कशाने? जठराचा वरचा, डावीकडचा घुमटाकार भाग दोन कामे करतो. अन्न आले की तो सैलावून जागा करून देतो, आणि पोट रिकामे असताना घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः तोच स्रवतो. (हे संप्रेरक कोजिमा आणि कंगावा या जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधले; म्हणजे ही माहिती तशी अलीकडचीच.) स्लीव्हमध्ये नेमका हा भाग जातो. शिवाय नळीतून अन्न लहान आतड्यात लवकर उतरते, आणि तेथून पोट भरल्याची खबर मेंदूला देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके अधिक प्रमाणात सुटतात. तुम्हाला तेव्हा पुढचा घास नको वाटे, त्यात जागा अपुरी असण्याइतकाच या रसायनांचाही वाटा होता. काळाबरोबर त्यांचा जोर काहींच्या बाबतीत ओसरतो, आणि हलके झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्चते. त्यामुळे थोडे वजन परत येणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते. स्वीडनमध्ये अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात, बायपास (जठराची इवली पिशवी ठेवून अन्नाचा आतड्यातला मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया) केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली. तुमची सर्वांत मोठी घट ३० टक्के होती आणि आज ती २३ टक्के आहे. हे अपयश मुळीच नव्हे, मात्र इतक्या लवकर सात टक्के गमावणे दुर्लक्ष करण्याजोगेही नाही.

दीड पोळी, भाजी, आमटी हे तीन वर्षांनंतरचे योग्य जेवण आहे. ते कमी करा असे मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात जे आलेले नाही, तिकडे माझे लक्ष जाते. दुपारच्या चहाबरोबर काय असते? खारी चहात बुडवली की ती तोंडात जायच्या आधीच मऊ पडते, नळीत रेंगाळत नाही, आणि पाच मिनिटांनी हात पुन्हा बरणीकडे जातो. पोट भरल्याची सूचना येण्याचा प्रश्नच उरत नाही. फरसाण, आईस्क्रीम, उसाचा रस यांचेही तेच. मस्तानीचा मोठा ग्लास अर्ध्या तासात चमच्याचमच्याने लहानातल्या लहान जठरातूनही खाली उतरतो, आणि त्यासाठी जठर सैल पडायची गरज नसते. उलट ज्वारीची भाकरी आणि मटकीची दाट उसळ नीट चावून खाल्ली, तर तुमच्यासारख्यांना बहुधा अर्ध्या-पाऊण भाकरीवरच थांबावे लागते. तेव्हा आठ दिवस तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ वेळेसह वहीत लिहा. मुलांच्या ताटात उरलेले संपवले असेल, तर तेही. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जातात का, हे पाहा. एका अंड्यात ती ६ ग्रॅम असतात आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या पातळ वरणावर हा हिशेब जुळत नाही.

वही घेऊन आधी आहारतज्ज्ञाकडे जा आणि मग शल्यविशारदांकडे. थायरॉइड, चालू असलेली औषधे (स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसोपचारातील काही औषधे वजन वाढवतात) आणि झोप यांची चौकशी झाल्यावरच एंडोस्कोपी किंवा बेरियमच्या (बेरियमचे द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेच्या) तपासणीला अर्थ आहे. त्या तपासणीत पहिल्या वेळी घुमटाचा मोठा भाग मागे राहून गेल्याचे दिसले, किंवा छातीतली जळजळ औषधांना दाद देत नसली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तेव्हाही तीच नळी पुन्हा कापण्यापेक्षा तिचे बायपासमध्ये रूपांतर करण्याकडे कल असतो. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा जोखमीची असते, हे त्या बाईंनी तुम्हाला सांगितले नसावे. टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे वजन कमी करण्यासाठीही मिळू लागली आहेत. परत आलेल्या वजनासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. जठराचा तसूभर भागही न कापता ती वजन उतरवतात, यावरून नुसत्या मापाचे महत्त्व किती धरायचे ते ठरवावे.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह आहे. एक डॉक्टर ३६ नंबरची नळी वापरतात, दुसरे ४० ची. जितके अरुंद जठर तितका फायदा जास्त, असे धरून ३६ वाल्यांकडे जावे का? (नोकरदार, वय ३१, हडपसर)

उत्तर : ही नळी, म्हणजे बुजी, तोंडातून जठरात घालतात आणि तिच्या कडेने स्टेपलर चालवतात. तिचा नंबर फ्रेंच या मापात असतो आणि एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तेव्हा ३६ ची नळी १२ मिलिमीटर जाड आणि ४० ची १३.३ मिलिमीटर; तुम्ही सव्वा मिलिमीटरच्या फरकावर डॉक्टर निवडायला निघाला आहात. स्टेपलर नळीला किती चिकटून चालवला, जठराच्या खालच्या तोंडापासून किती सेंटिमीटरवर (सहसा २ ते ६) कापायला सुरुवात केली, वरचा घुमट पूर्ण मोकळा करून काढला का, यांवर उरणारे आकारमान जास्त अवलंबून असते.

शिवाय अरुंदपणाची किंमत मोजावी लागते. उरलेले जठर जितके चिंचोळे तितका आतला दाब जास्त, आणि दाब वाढला की स्टेपलच्या रेषेतून गळती होण्याचा धोका आणि पुढे आम्ल वर येण्याचा त्रास वाढतो. हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ४० किंवा त्याहून जाड बुजी वापरलेल्यांत गळती कमी आढळली आणि तीन वर्षांपर्यंतच्या वजनघटीत फरक दिसला नाही. दोन्ही डॉक्टरांना नंबर विचारण्याऐवजी हे विचारा: आधी एंडोस्कोपी करणार का, आता जळजळ होत असेल तर स्लीव्हच का सुचवता, आणि पाच वर्षांपूर्वीचे किती रुग्ण आजही तुमच्याकडे तपासणीला येतात.

प्रश्न : बायपासमध्ये जठराची पिशवी ३० मिलिलिटरच ठेवतात असे वाचले. म्हणजे स्लीव्हपेक्षा चौपट लहान. यजमानांना मधुमेह आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३३ आहे. चौपट फायदा होणार असेल तर बायपासच करावा ना? (शिक्षिका, सिंहगड रस्ता)

उत्तर : हिशेब सरळ आहे, पण शरीर त्याप्रमाणे वागत नाही. या दोन शस्त्रक्रियांची पाच वर्षे तुलना करणारे दोन अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात अतिरिक्त (म्हणजे योग्य मर्यादेच्या वरच्या) बीएमआयमधील घट स्लीव्हनंतर ६१ टक्के आणि बायपासनंतर ६८ टक्के होती; फिनलंडमधल्या अभ्यासात अतिरिक्त वजनातील घट अनुक्रमे ४९ आणि ५७ टक्के. बायपास पुढे आहे खरा, पण थोडासाच, आणि त्याची आघाडी केवळ इवल्या पिशवीमुळे नाही. अन्नाचा आतड्यातला मार्ग बदलतो हे त्यामागचे मोठे कारण आहे. जठराभोवती पट्टा आवळण्याची जुनी पद्धत पाहा. तिच्यात वरची पिशवी बायपासपेक्षाही लहान, १५ मिलिलिटरच्या आसपास असे. घुमट शाबूत, आतडे शाबूत, आणि भूकही शाबूत राहिल्याने बऱ्याच रुग्णांचे वजन पुरेसे उतरले नाही. आता ती पद्धत क्वचितच वापरतात.

यजमानांच्या बाबतीत मी किलोंपेक्षा साखरेकडे पाहीन. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर साखर बहुधा वजन फारसे उतरायच्या आधीच खाली येऊ लागते. मधुमेह किती वर्षांचा आहे, इन्सुलिन चालू आहे का, जळजळ होते का, यांवरून निवड ठरते. बीएमआय ३३ असताना शस्त्रक्रिया कशाला, असे नातेवाईक म्हणतील. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आता २७.५ पर्यंत खाली धरली जाते. आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे छायाचित्र छापून कारण दाखवून दिले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

प्रश्न : सोडा प्यायल्याने स्लीव्ह ताणली जाते का? (चिंचवड)

उत्तर : सोड्याच्या वायूने जठर कायमचे मोठे होते याला भक्कम पुरावा नाही. पहिल्या महिन्यांत तो टाळा, कारण पोट फुगून दुखते. गोड शीतपेये मात्र कायमची बंद; तिथे अडचण साखरेची आहे.

प्रश्न : आईची स्लीव्ह होऊन सात आठवडे झाले. घन पदार्थ सोडाच, आता ताकही उलटून पडते. वजन भराभर उतरते आहे म्हणून घरचे खूश आहेत. पोट जास्तच लहान झाले असेल का? (औंध)

उत्तर : तुम्हाला फोनवर कळवले आहे, इतरांसाठी येथे छापतो. सात आठवड्यांनी ताक, पेज आणि मऊ अन्न जायलाच हवे. ते जात नसेल, तर नळी मधल्या वळणावर अरुंद झाली किंवा पीळ पडला असण्याची शक्यता असते. बेरियम व एंडोस्कोपीने निदान होते आणि बहुतेक वेळा फुग्याने तो भाग रुंद करून काम भागते. सततच्या उलट्यांमुळे थायमिन हे जीवनसत्त्व थोड्याच आठवड्यांत संपते. एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि सलाइन लावण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्याचे व उलट्या होत असल्याचे आवर्जून सांगा. ग्लुकोजच्या आधी थायमिनचे इंजेक्शन द्यावे लागते.