आधी भरती-ओहोटी बघ, मग तिकीट काढ

सप्रेम आशीर्वाद.

जपानमध्ये हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा या शिंतो मंदिराला जायचंय ना? मग आधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघड. पाणी 250 सेंटिमीटरच्या वर गेलं की मंदिर आणि समोरची तोरी, म्हणजे ते भलंमोठं लाल प्रवेशद्वार, तरंगल्यासारखी दिसतात. 100च्या खाली उतरलं की तोरीपर्यंत चालत जाता येतं. मध्ये साधारण सहा तास जातात, म्हणून बेटाला अख्खा दिवस दे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरेसं उतरत नाही आणि लोक हिरमुसून परततात.

हिरोशिमा स्टेशनहून सान्यो लाइनच्या गाडीने मियाजिमागुची स्टेशन अर्ध्या तासावर, पुढे बेटापर्यंत फेरीबोट दहा मिनिटांची. दिवसा जेआरची, म्हणजे जपानी रेल्वेची फेरी घे, ती तोरीच्या जवळून जाते. जाताना उजव्या कठड्याशी उभं राहा. बेटाचा 100 येन कर तिकिटातच येतो, रेल्वे पास असेल तर वेगळा भरावा लागतो.

तोरीचे दोन मुख्य खांब जवळून बघ. कापराच्या झाडाचे अख्खे बुंधे आहेत. 1875 सालची ही तोरी जमिनीत पुरलेलीच नाही; वरच्या पोकळ तुळईत सुमारे सात टन दगड भरलेत, त्या भारावर ती उभी आहे. लाकडाच्या भेगांत नाणी खोचू नकोस, लाकूड खराब होतं. मंदिराच्या सज्जातल्या फळ्यांमधल्या फटीही मुद्दाम ठेवलेल्या आहेत: वादळात पाणी त्यातून वर येतं आणि फळ्या उखडत नाहीत.

दर्शनाआधी पाण्याच्या कुंडावरची पळी उजव्या हातात धरून डावा हात धू, मग हात बदलून उजवा. पुन्हा डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भर, पळीला तोंड लावू नकोस. शेवटी पळी उभी कर, उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

शेजारच्या दाइगान-जीत बेन्झाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वतीच. तिथे टाळ्या वाजवू नकोस, ते बौद्ध मंदिर आहे. नुसते हात जोड.

535 मीटरच्या मिसेन डोंगरावर जायचं तर सकाळीच. रोपवे उतरल्यावरही शिखर अर्ध्या तासाच्या चढावर आहे, आणि परतीचा शेवटचा पाळणा संध्याकाळच्या आतच सुटतो. हरणांपासून कागद सांभाळ, नकाशे खातात.

हिरोशिमाचं शांती संग्रहालय त्याच दिवशी उरकू नकोस. 6 ऑगस्ट 1945 चे मुलांचे जळके कपडे घाईत बघण्यासारखे नाहीत. त्यासाठी दुसरी सकाळ मोकळी ठेव.