समुद्रकाठच्या छोट्या गावात कायमचं राहणं प्रत्यक्षात कसं असतं?

काम आता घरून करता येतं, तर मोठं शहर सोडून समुद्रकाठच्या एखाद्या छोट्या गावात राहायला जावं का, आणि तिथलं रोजचं जगणं कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा गावात राहतोय आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणूनच आधी मिठाबद्दल सांगतो. सूर्यास्त तुम्हाला आल्या दिवशी दिसेल, मीठ कळायला वर्ष जातं.

लाट फुटली की पाण्याचे बारीक कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर थेट घरात शिरतात. संध्याकाळी चष्मा पुसायला घेतला की काचेवर चिकट थर असतो. लोखंडावर बसलेलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसला तरी लोखंड कोरडं होतच नाही. माझ्या खिडकीची एक बिजागरी दुसऱ्याच वर्षी हातात आली. वरचा रंग शाबूत, आत नुसता तांबडा भुगा. ‘गंजत नाही’ म्हणून विकलेल्या स्टीलवरही तपकिरी डाग पडतात. त्यातल्या त्यात ३१६ ग्रेडचं टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो. घर घेणार असाल तर भिंतींचा रंग पाहू नका, स्लॅबची खालची बाजू पाहा. सळईच्या रेषेत सरळ तडे दिसले तर मीठ आतपर्यंत पोचलंय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. बाकी उपाय एकच, कंटाळवाणा पण खात्रीचा: खिडक्यांच्या चौकटी, सायकल, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं दर थोड्या दिवसांनी गोड्या पाण्याने धुवायचं.

आणि हे गोडं पाणी कुठून येतं, ते घर बघायला जाल तेव्हाच विचारा. किनाऱ्याजवळच्या जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हिशेब उलटाही चालतो: पंप लावून बेसुमार उपसा केला की वरची पातळी थोडी उतरते आणि खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. एकदा मचूळ झालेली विहीर सहजी सुधारत नाही. शेजाऱ्याने मोठा पंप बसवला की मला आजही काळजी वाटते.

आता आवडणाऱ्या गोष्टीकडे येतो. इथे दिवसाला दुसरं एक घड्याळ असतं. बहुतेक किनाऱ्यांवर रोज दोन भरत्या येतात आणि प्रत्येक वेळ दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यांत लहान. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं, भूमध्य समुद्राकाठी बहुतेक ठिकाणी ते गुडघाभरही हलत नाही. तुमच्या गावाचं माप तुम्हाला तिथेच शिकावं लागेल. काही महिन्यांनी झोपेतून उठल्यावर नुसत्या आवाजावरून पाणी भरतंय की ओसरतंय ते कळायला लागतं. मला पहिल्यांदा ते कळलं, तेव्हा आपण इथले झालो असं वाटलं.

पोहत असाल तर एवढं लक्षात ठेवाच. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तिथेच आत ओढणारा प्रवाह असू शकतो. नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. गावातल्या कुणी असं काही बजावलं, तर ते त्यांनी बहुधा कुणाला तरी गमावून शिकलेलं असतं. २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाचं सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं, तरी तिथे मोजकीच माणसं दगावली. १९०७ च्या लाटेची गोष्ट म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगत ठेवली होती: जमीन हलली, पाणी मागे गेलं की डोंगर गाठायचा. तुम्हीही गावातल्या जुन्या माणसांना विचारत राहा.

बाकी अडचणी कुठल्याही छोट्या गावातल्याच. तज्ज्ञ डॉक्टर लांब, वादळात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात, आणि सगळे सगळ्यांना ओळखतात. सुट्टीच्या दिवसांत गाव तुमचं राहत नाही.

तेव्हा लगेच घर घेऊ नका. आधी भाड्याने राहा, तेही समुद्र खवळलेला असतो त्या महिन्यांत. आणि कोरड्या ऋतूच्या अखेरीस पुन्हा एक चक्कर मारून विहिरीचं पाणी चाखून बघा.