प्लॉट विकू नका ताई, आधी दिरांशी बोला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टर अमेरिकन सिटीझन पण चार वर्षं झाली बेळगावातच, उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी, लग्नाला चौदा महिने झालेत, आता दोघांनी तिकडे जायचं म्हणून तुमच्या इमिग्रंट, म्हणजे तिथं कायम राहायच्या व्हिसाचा अर्ज करायचाय आणि तिथली कमाई नाही म्हणून बाबांनी तुमच्या नावावर केलेला वडगावचा प्लॉट 45 लाखांना विकून पैसा दाखवायचा का, असं विचारलंय. विकू नका. आत्ता तर नकोच.

कारण असं की आय-864 हा स्पॉन्सरचा, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी घेणाऱ्याचा फॉर्म मिस्टरांनाच भरावा लागतो आणि दोघांच्या घरासाठी 2025 च्या आकड्यांप्रमाणे वर्षाला 26,437 डॉलर कमाई लागते, फाउंड्रीचा पगार तिकडे गेल्यावर बंद होणार म्हणून तो धरत नाहीत. कमाईच्या जागी मालमत्ता दाखवायची तर सिटीझनच्या बायकोसाठी कमी पडेल त्याच्या तिप्पट लागते, म्हणजे 79 हजार डॉलरच्या वर, रुपयात सत्तर लाखांच्या वर-खाली. मग 45 लाखांत कुठं भागतंय? प्लॉटही जाईल आणि कामही अडेल.

न्यू जर्सीच्या दिरांना जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे मिस्टरांच्या जोडीनं हमी घेणारे, व्हायला विचारा. त्यांचं घर चौघांचं, तुम्ही पाचव्या, म्हणजे त्याच 2025 च्या आकड्यांप्रमाणे त्यांची कमाई वर्षाला 47,062 डॉलर हवी, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून ती आरामात आहे. पण त्यांना एक गोष्ट अगदी मोकळेपणी सांगा, ही नुसती सही नाही, कायदेशीर करार आहे, तुम्ही सिटीझन होईपर्यंत किंवा तिथं साधारण दहा वर्षांचं काम भरेपर्यंत जबाबदारी राहते, उद्या घटस्फोट झाला तरी सुटत नाही. जाऊबाईंनाही समोर बसवून बोला. नात्यात पैशाची गोष्ट अर्धी सांगितली की पुढं फार जड जातं, मी हे घरोघरी बघितलंय.

दीर उभे राहिले तरी मिस्टरांचा फॉर्म सुटत नाही, आणि ते तुमच्या आधी किंवा तुमच्याबरोबर तिथं राहायला जाणार हे कागदावर दिसलं पाहिजे, तिथलं बँक खातं, नोकरीचे अर्ज, घराची बोलणी असं काहीतरी.

मला खरी काळजी टॅक्सची वाटते. चार वर्षं अमेरिकेचा रिटर्नच भरला नाही म्हणता, अहो सिटीझन कुठंही राहिला तरी भरावा लागतो! घाबरू नका, चूक अजाणता झाली असेल तर तीन वर्षांचे रिटर्न आणि सहा वर्षांची परदेशी खात्यांची माहिती देऊन दंडाशिवाय सुटायची सोय आहे, आणि बाहेरच्या पगारावर 2025 साठी 1,30,000 डॉलरपर्यंत सूट असल्यामुळे पगारावर बहुतेक टॅक्सही बसणार नाही. मिस्टरांच्या नावच्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपी मात्र थांबवा, तिथला कायदा आपल्या फंडांवर फार कडक टॅक्स लावतो.

फी सगळी मिळून 1,305 डॉलर, ऑनलाइन अर्ज केला तर. मेडिकल आणि मुंबईच्या मुलाखतीचा खर्च वेगळा. मॅरेज सर्टिफिकेट कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. आणि घाई नको, तिथं पाऊल टाकताना लग्नाला दोन वर्षं झालेली असली तर पहिल्यापासून दहा वर्षांचं ग्रीन कार्ड मिळतं, नाहीतर दोन वर्षांचं आणि नंतर पुन्हा 750 डॉलरचा अर्ज. अर्जाला वर्षाच्या वर लागतंच, तेवढ्यात तुमची दोन वर्षं भरतील.

या आठवड्यात फक्त रिटर्नसाठी अमेरिकेचा टॅक्स कळणारा माणूस गाठा आणि दिरांना फोन करा.