मुलांच्या बाजूचा एक आवाज

किशोरवयीन मुलांसोबत तू नुकतंच काम सुरू केलंयस, म्हणून सांगते. 'मित्रांचं ऐकू नकोस' हे वाक्य आधी सोडून दे. त्या वयात मित्रांचं बोलणं जिव्हारी लागतंच.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५०च्या दशकातले प्रयोग आठव. काम साधं होतं, रेघांची लांबी ओळखायची. पण ठरवून बसवलेली माणसं एकमुखाने चुकीचं उत्तर देत, तेव्हा साधारण एक तृतीयांश वेळा खरा सहभागीही त्यांच्यामागे जाई. मात्र गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण झपाट्याने घसरे. मला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. मुलाला सगळ्या जगाविरुद्ध उभं करायची गरज नाही, त्याच्या बाजूचा एक माणूस हवा. तो माणूस तू हो.

मोबाइलवरचे फोटो बघून एखादी मुलगी खट्टू झाली, तर लगेच 'तू छानच दिसतेस' म्हणू नकोस. तसा एक फोटो टाकण्याआधी किती काढून पुसले असतील, हे तिलाच विचार. आणि कौतुक करताना 'हुशार आहेस' याऐवजी तिने नेमकं काय केलं ते सांग. नुसतं 'हुशार' ऐकत आलेली मुलं चुकायला घाबरतात, हे मी खूपदा पाहिलंय.