दुसऱ्या तपासणीचे गाडीभाडे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा मी दोनदा वाचला. सुईने नशा करण्याचा विषय निघाला की लोक पंजाब किंवा मणिपूरकडे बोट दाखवतात. अशा वेळी वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत जाऊन अशा माणसांमध्ये हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार किती आहे हे पाहावे असे तुला वाटले, याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही या आराखड्यावर मी आज सही करणार नाही, आणि त्याचे कारण सविस्तर लिहितो.

तू रक्ताची एकच तपासणी ठेवली आहेस, प्रतिपिंडांची. विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता, एवढेच ती सांगते. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून तो औषधाशिवाय, बहुधा सहा महिन्यांच्या आत, निघून जातो. प्रतिपिंडे मात्र त्यानंतरही रक्तात राहतात. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या आरएनए तपासणीने कळते. या दोन तपासण्यांमधल्या अंतरात माणसाचे काय होते, ते मी पाहिले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पथकाबरोबर मी गावोगाव रक्त गोळा करत असे. एका तरुणाची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पानठेल्यावरून त्याच्या घरी पोहोचली. हा विषाणू एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे आम्ही घरच्यांना सांगितले नाही. त्याचे ताट पडवीत गेले. दुसऱ्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी त्याला परवडत नव्हती, आणि आमच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक रुपयाही नव्हता. काही महिन्यांनी ती तपासणी झाली तेव्हा त्याच्या रक्तात विषाणू नव्हता, पण ताट पुन्हा आत आले नाही. आमच्या अहवालात तो एक आकडा म्हणून आजही आहे.

तुझ्या प्रश्नावलीत ‘कावीळ झाली होती का?’ हा प्रश्न आहे. हिपॅटायटिस सी बहुतेकांच्या अंगात वर्षानुवर्षे डोळे पिवळे न करता राहतो, आणि ज्यांचे होतात ते आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. त्यामुळे या उत्तरावरून फारसे काही कळणार नाही. ‘दुसऱ्याची सुई वापरता का?’ या प्रश्नावर बहुतेक जण प्रामाणिकपणे नाही म्हणतील. तेवढ्यावर न थांबता नशेचे औषध कशात विरघळवले, पाणी कोणाचे होते, कापसाचा बोळा एकच होता का, हे शांतपणे विचार. प्रयोगशाळेत हा विषाणू सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत संसर्गक्षम राहिलेला आढळला आहे. आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द तुझ्या वहीतही नको.

कूपन देऊन एकाकडून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची, १९९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ हेकाथॉर्न यांनी मांडलेली पद्धत तू घेतली आहेस. शहरात ती चालते. दीड हजार वस्तीच्या गावात मात्र हातातले कूपनच माणसाला उघडे पाडते. त्यापेक्षा तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात एक खोली मिळव. त्या गर्दीत कोण कशासाठी आले हे कोणी विचारत नाही. अहवालात गावाचे नाव नको, जिल्ह्याचे पुरे.

उपचाराबद्दल आराखड्यात एकही ओळ नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. २८ जुलै २०१८ पासून विषाणूजन्य हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर या गोळ्या साधारणपणे १२ आठवडे घेतल्या की शंभरातले ९५ जण बरे होतात. ‘आधी नशा सोड, मग ये’ असे कोणी तुझ्या माणसाला म्हणाले, तर त्याच्या बाजूने उभे राहा. चालू नशा हे उपचार नाकारण्याचे कारण नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. बरे झाल्यावर पुन्हा संसर्ग होऊ शकतो, म्हणून नव्या सुया आणि ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय नशेची तलफ शमवणारे औषध कुठे मिळेल याची चौकशी आधी करून ठेव. हिपॅटायटिस बीची लस आहे, सीची नाही. ज्यांना बी झालेला नाही त्यांना पहिला डोस त्याच खोलीत मिळेल अशी व्यवस्था कर.

आता जिल्हा रुग्णालयात स्वतः जा, आरएनए तपासणीचा नमुना कोणत्या वारी घेतात आणि निकाल किती दिवसांत येतो ते विचारून ये. मग प्रत्येक पॉझिटिव्ह निकालामागे येण्याजाण्याचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात घाल. रक्कम वाढल्यामुळे तपासायच्या माणसांची संख्या निम्म्यावर आणावी लागली तरी चालेल. तो कागद माझ्याकडे पाठव, सही मी त्यावर करीन.

तुझा,
सर